एका शाळेमागे एक

"अहो, पण निघायला तीनच दिवस राहिलेत," आर्डिथ फोनवर म्हणाली.

"म्हणून तर आजच कळवतेय," पलीकडून मिसेस व्हॅन फॉसन म्हणाल्या. "आमच्या ट्रेंटला वॉशिंग्टनच्या शिबिराचं बोलावणं आलं ना! राष्ट्रीय पातळीवरचं. राज्याच्या शिबिराला आता तो येणार नाही, ते काय, सगळेच करतात. कॉलेजच्या अर्जावर वॉशिंग्टन जास्त उठून दिसतं, असं आमचे सल्लागार म्हणाले."

"सगळेच नाही करत. एका शाळेमागे एकच जागा असते."

"आणि राज्यात शाळा किती? बरं आर्डिथ, त्याचं ते शिष्यवृत्तीचं शिफारसपत्र तेवढं विसरू नका हं. पुढच्या गुरुवारी पाचच्या आत जायला हवं."

आर्डिथने फोन ठेवला. जूनचा पहिला आठवडा होता. वर्ग सुटले होते, बाकं उलटी करून ठेवली होती आणि मेण लावलेल्या फरशीचा वास ऑफिसपर्यंत येत होता. काउंटीच्या त्या हायस्कूलमध्ये समुपदेशकाच्या खोलीबाहेर, काचेच्या तावदानामागे आर्डिथ किम्मल एकतीस वर्षं बसत आली होती. या काळात सहा समुपदेशक आले आणि गेले. त्यांची पत्रं तिने टाइप केली, गुणपत्रिकांवर शिक्के मारले, पाकिटं चिकटवली. नवरा रॉय जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा ॲरिझोनात, रविवारी फोन करायचा, हवा कशी आहे ते विचारायचा आणि तिकडची सांगायचा. शाळेत आर्डिथचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिचं मत आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि तिलाही ते द्यायची सवय उरली नव्हती.

ती जागा युवा विधिमंडळाची होती. दर उन्हाळ्यात राज्यभरातून निवडलेली मुलं एका विद्यापीठाच्या आवारात आठवडाभर राहायची, पक्ष काढायची, निवडणुका लढवायची, विधेयकं मांडायची, आपल्यातलाच एक राज्यपाल निवडायची. खर्च गावातली माजी सैनिकांची संघटना करायची आणि निवडही त्यांचीच समिती करायची. 'या शाळेतून दरवर्षी एकाच विद्यार्थ्याची निवड होते,' हे वाक्य आर्डिथने शिफारसपत्रांत इतक्या वेळा टाइप केलं होतं, की बोटं ते आपोआप लिहायची. ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांत डॉक्टरांची दोन मुलं होती, बँकेच्या मॅनेजरची मुलगी होती, वकिलांचा नातू होता. यंदा मोटारींचं दुकान असलेल्या व्हॅन फॉसनांचा ट्रेंट.

यादीत दुसरं नाव होतं शेल्बी कॉफल.

मार्चमधल्या मुलाखतीला आर्डिथ टिपणं घ्यायला बसली होती. सरकार म्हणजे तुझ्या दृष्टीने काय, असा प्रश्न होता. ट्रेंट चार मिनिटं बोलला, एकदाही न अडखळता. मग शेल्बी आली. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातलं काम संपवून तशीच आली होती, केसांना जाळी लावल्याचा वळ कपाळावर होता.

"सरकार म्हणजे खिडकी," ती म्हणाली. "खिडकीमागे एक बाई असते. ती म्हणते, हा फॉर्म नाही, दुसरा आणा. दुसरा नेला की म्हणते, तारीख गेली. मग कायदा आपणच वाचायला लागतो."

आणि तो तिने वाचला होता. तिचा बाप डेल्मर कॉफल संडासाची भांडी, बेसिनं असलं सामान करणाऱ्या चिनी मातीच्या कारखान्यात बावीस वर्षं होता. मातीची बारीक धूळ छातीत बसत गेली, फुप्फुसं दगड झाली, आणि कारखान्याने हात झटकले. चौदा वर्षांची ही पोर वाचनालयात बसून कामगारांच्या आजारांचा कायदा वाचत होती. दुसऱ्या अपिलात बापाची भरपाई तिने मंजूर करून घेतली. समितीतला एक जण हसला आणि अध्यक्ष म्हणाले, "हुशार आहे, पण कडवट आहे पोरगी." आर्डिथने ते वाक्य टिपणात घेतलं नाही. त्यापलीकडे तिने काही केलंही नाही.

आता तिने समुपदेशक ऑस्लरना फोन लावला. हा तिशीतला उत्साही माणूस तेव्हा कुठेतरी तळ्यावर मासे पकडत होता.

"राहू दे ना रिकामी जागा," तो म्हणाला. "तीन दिवसांत कोण तयार होणार? आणि त्या मुलीचं कॉलेजचं तरी नक्की आहे का काही?"

"तिला विचारलंय कोणी?"

आर्डिथने उलट प्रश्न केल्याचं त्याला आठवत नसावं. "बघा बुवा तुम्हीच," तो म्हणाला.

कॉफलांचं घर नदीकाठच्या रस्त्यावर होतं, लाकडी, दोन खोल्यांचं, पुढे तिरका झालेला ओटा. दार उघडंच होतं. आत ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं आणि त्याची नळी जमिनीवरून लांबवर जात खुर्चीतल्या डेल्मरच्या नाकापाशी संपत होती. माणूस पन्नाशीचा, पण सत्तरीचा दिसत होता. खांदे मात्र अजून रुंद होते.

"शाळेची बाई!" तो म्हणाला. "काय केलं माझ्या पोरीनं? कोणाला मारलंन् का?"

"नाही हो."

"मग काय उपयोग!" तो हसला आणि हसण्याचा खोकला झाला. शेल्बी आतून आली, त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि खोकला थांबेपर्यंत आर्डिथकडे बघत राहिली.

आर्डिथने सगळं सांगितलं. शेल्बी ऐकत होती, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"म्हणजे त्याला नको झालं म्हणून मला," ती म्हणाली.

"हो. तसंच आहे ते."

"मला नाही जमणार. बाबांचं कोण बघणार?"

"अगं जा की," डेल्मर म्हणाला. "मी काय पाळण्यातलं पोर आहे?"

"तुम्हाला सिलिंडरची चावी फिरवता येत नाही, बाबा."

"आठवडाभर लाइट नाही गेली तर कशाला फिरवायचीय?"

आर्डिथ म्हणाली, "मी बघीन." तिचा आवाज तिलाच नवा वाटला. "सकाळी शाळेच्या आधी येईन, दुपारी डबा आणीन, पाचला येऊन झोपेपर्यंत थांबेन. घरी माझी वाट बघणारं कोणी नाही."

डेल्मरने नाकातली नळी नीट केली. "बाई, एक विचारू? एका आठवड्यानं खरंच एवढा फरक पडतो? कॉलेजवाल्यांना?"

"पडतो," आर्डिथ म्हणाली. "एका शाळेमागे एकालाच मिळतं. कॉलेजं तेच बघतात. कोणीतरी निवडलेलं आहे का, ते."

हे तिला कोणी सांगितलं होतं? सहाही समुपदेशकांनी. तिने स्वतः कधी कोणाला विचारलं नव्हतं.

"ऐकलंस?" डेल्मर लेकीला म्हणाला. "बावीस वर्षं मी लोकांच्या बुडाखालची सिंहासनं घडवली. तू जरा खऱ्या खुर्चीत बसून ये."

दोन दिवसांत शेल्बीने वृद्धाश्रमातल्या पाळ्या बदलून घेतल्या. आर्डिथला तिने तीनतीनदा करून दाखवलं. लाइट गेली की मशीन बंद. मग दाराजवळचा हिरवा सिलिंडर, त्याच्या डोक्यावर ही चावी, डावीकडे एक पूर्ण फेरा, मग नळी इथून काढून तिथे. डेल्मरच्या बोटांत चावी फिरवण्याइतका जोर राहिला नव्हता, आणि चार पावलं चाललं तरी त्याचा दम तुटायचा. "पाचच्या पुढे नका जाऊ, बाई," ती म्हणाली. "संध्याकाळी त्यांना जास्त लागतं. ते सांगणार नाहीत. हसतील, आणि हसले की समजायचं."

रविवारी माजी सैनिकांच्या संघटनेची गाडी आली. शेल्बीच्या अंगात आर्डिथचं निळं जॅकेट होतं, कोपरापाशी जरा आखूड. डेल्मर ओट्यापर्यंत आला, नळी पुरेल तिथवर. गाडी वळली तरी तो हात हलवत होता.

तो आठवडा आर्डिथला पुढे फार दिवस आठवत राहिला, आणि त्यातले पहिले चार दिवस चांगले होते म्हणूनच अधिक. सकाळी सहाला ती जायची, कॉफी करायची, अंडी तळायची. डेल्मरला घेवड्याचं सूप आणि मक्याचा पाव आवडायचा. तिने सोमवारी केला तो भाजताना करपला. "विटा भाजायला आमच्याकडे यायला हवं होतं तुम्ही," तो म्हणाला आणि दोन तुकडे खाल्ले. संध्याकाळी ते पत्ते खेळायचे. तो उघड उघड फसवायचा आणि पकडला गेला की छाती धरून आजारी असल्याचं सोंग करायचा. रॉय गेल्यापासून आर्डिथ कोणासमोर इतकं हसली नव्हती. मंगळवारी तिने केस धुतले, आणि का धुतले या विचाराने स्वतःशीच वरमली.

बायको कुठेय, हे तिने विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. "फ्लोरिडात आहे. उबेला गेली. मी काही ऊब द्यायच्या लायकीचा नव्हतो राहिलो." मग म्हणाला, "पोरगी मात्र नाही गेली. आईनं विचारलं होतं तिला. तेरा वर्षांची होती."

रोज संध्याकाळी साडेसहाला, जेवणाच्या सुट्टीत, शेल्बीचा फोन यायचा. डेल्मर फोन कानाला घट्ट धरायचा, पण तिचा आवाज खोलीभर ऐकू यायचा.

"इथं सगळे एकमेकांना हेच विचारतात, तू कुठं अर्ज करणार. नाव विचारायच्या आधी. काल एका मुलीनं मला विचारलं, तुझी खासियत काय? मी म्हटलं, भांडी लवकर घासते."

"मग?"

"मग ती दुसरीकडे बसायला गेली."

मंगळवारी ती सिनेटमध्ये निवडून आली. तिच्या टेबलावर कोणाचंच कोणाशी पटत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी तिलाच मत दिलं, असं ती म्हणाली. बुधवारी तिने विधेयक लिहिलं. धुळीत काम करणाऱ्या माणसाच्या छातीचा दरवर्षी फोटो काढायचा आणि तो कारखान्याने त्या माणसाच्या हातात द्यायचा, कपाटात ठेवायचा नाही.

डेल्मरचे स्वतःचे सात फोटो कारखान्याच्या कपाटात निघाले होते.

"बाबा? आहात ना?"

"आहे की. उद्या मतदान आहे?"

"उद्या दुपारी."

"आणि मग तो राज्यपाल सही करणार?"

"राज्यपाल मुलगी आहे. आणि खोटी आहे, बाबा."

"खऱ्यानं तरी कुठं केली होती!" तो म्हणाला आणि इतका हसला की आर्डिथ उठून उभी राहिली.

गुरुवारी सकाळपासून उकडत होतं. नदीवर आभाळ तांब्याच्या रंगाचं झालं होतं. दुपारी आर्डिथ डबा घेऊन गेली, तेव्हा डेल्मर घामाघूम होता, पण खुशीत होता. त्याने फोनचं टेबल खुर्चीजवळ ओढून घेतलं होतं. "आज साडेसहाला मी सिनेटरसाहेबांशी बोलणार," तो म्हणाला. "तुम्ही पाचला या. पत्त्यांत माझे अकरा डाव निघतात तुमच्यावर."

"फसवून घेतलेले."

"राजकारण आहे ते. घरातच आहे आमच्या."

ती परत शाळेत आली. चारला निघायच्या बेतात असताना ऑस्लरचा फोन आला. ट्रेंटचं शिफारसपत्र त्याने नव्याने लिहून पाठवलं होतं. त्यात वॉशिंग्टन घालायचं होतं. पाचच्या आत शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेकडे गेलंच पाहिजे. व्हॅन फॉसनबाईंनी त्याला दोनदा फोन केला होता. आर्डिथने घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासाचं काम. कॉफलांच्या घरी पोचायला वीस मिनिटं. होईल, ती मनात म्हणाली.

पत्र लांब होतं. ऑस्लरची वाक्यं नेहमीच लांब असत. साडेचारला बाहेर अंधारून आलं, वाऱ्याने झेंड्याची दोरी खांबावर खटखटायला लागली. दिवे एकदा गेले आणि परत आले. शाळेला स्वतःचं जनरेटर होतं. ते आपोआप सुरू व्हायचं, इतकं आपोआप, की गेल्या कित्येक वर्षांत त्याचं अस्तित्व कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. आर्डिथच्याही नाही. तिने दिव्यांकडे एकदा वर पाहिलं आणि उरलेला परिच्छेद टाइप केला. एक तारीख चुकली होती, ती दुरुस्त केली. पत्र पाठवलं. पाच वाजायला चार मिनिटं होती.

चौकातला सिग्नल बंद दिसला, तेव्हा तिला शाळेचं जनरेटर आठवलं.

तिने गाडी कडेला घेऊन कॉफलांच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. रुग्णवाहिकेला फोन केला. त्या बाईने पत्ता दोनदा विचारला. नदीच्या रस्त्यावर ओकचं झाड आडवं पडलं होतं. ती मागे फिरली, टेकडीवरून गेली. पाऊस इतका होता की वायपर चालवूनही काही दिसत नव्हतं. घरासमोर गाडी उभी केली तेव्हा पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

मशीन गप्प होतं.

खुर्चीपासून दारापर्यंत सात पावलं होती. डेल्मर ती चालला होता. सिलिंडरशेजारी भिंतीला पाठ लावून तो बसला होता आणि चावी त्याच्या मुठीत होती. चावी सिलिंडरवर बसवून त्याने ती अर्धी फिरवलीही असावी, कारण बारीक सूं सूं ऐकू येत होतं. नळी मात्र त्याला बदलता आली नव्हती. आर्डिथने ती बदलली. शेल्बीने दाखवलं होतं तसं, इथून काढून तिथे. मग डेल्मरच्या नाकाला लावली आणि धरून बसली.

रुग्णवाहिकेची माणसं टेकडीच्या बाजूने आली. त्यांनी करायचं ते केलं. त्यांतला एक जण तिच्याच शाळेत शिकलेला होता. "बाई, तुम्ही बसा," तो म्हणाला. "तासभर तरी झालाय."

तासभर. म्हणजे पावणेपाचच्या सुमारास. चारला निघाली असती, तर ती तेव्हा इथे पत्ते पिसत असती.

साडेसहाला फोन वाजला. घरातला जुना फोन. त्याला वीज लागत नव्हती. आर्डिथने पाचव्या घंटीला उचलला.

"बाई? बाबांना द्या ना लवकर!" मागे पोरांचा गलका होता, ताटांचा आवाज होता. "पास झालं! एकसष्ट विरुद्ध अडतीस! द्या ना त्यांना."

आर्डिथने फोन दोन्ही हातांनी धरला.

"बाई?"

गलका तसाच चालू होता. मग शेल्बी कुठेतरी आडोशाला गेली असावी, कारण तो एकदम दूर झाला.

"लाइट गेली?"

"हो."

"सिलिंडर?"

"पोचले होते. सिलिंडरपर्यंत पोचले होते, शेल्बी."

मग तिने एकच विचारलं. "आणि तुम्ही?"

"मी नव्हते."

विधिमंडळाच्या लोकांनी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने घरी पोचवलं. त्याच सकाळी तिकडे समारोप होता. आर्डिथ ओट्यावर बसली होती. शेल्बी निळ्या जॅकेटमध्येच उतरली, छातीवर नावाची पट्टी तशीच होती, खाली 'सिनेटर' लिहिलेलं. आत गेली. खुर्ची पाहिली, मशीन पाहिलं, फोनचं टेबल खुर्चीजवळ ओढलेलं पाहिलं. बाहेर आली.

"पाचला का नव्हता तुम्ही?"

आर्डिथने रात्रभर याच प्रश्नाची वाट पाहिली होती. झाड पडलं होतं, हे खरं होतं. वादळ होतं, तेही खरं होतं. ती म्हणाली, "शाळेत होते. ट्रेंटचं शिफारसपत्र टाइप करत होते."

शेल्बीने मान हलवली. जणू खिडकीमागच्या बाईने तारीख गेल्याचं सांगितलं आणि तिने ते ऐकून घेतलं. मग जॅकेट काढलं, त्याची नीट घडी केली, नावाची पट्टी सोडवून घेतली आणि जॅकेट आर्डिथच्या मांडीवर ठेवलं.

दफनाला कारखान्यातली वीसेक माणसं आली होती. त्यांतली निम्मी खोकत होती. आर्डिथ मागच्या रांगेत उभी राहिली आणि सगळे जायच्या आत निघाली. शेल्बी पलीकडच्या गावातल्या आत्याकडे राहायला गेली. सप्टेंबरात शाळा सुरू झाली, तेव्हा ती बसने यायची, दोन तास आधी निघून. काचेसमोरून रोज जायची. आर्डिथ मान वर करायची, आणि तोवर शेल्बी पुढे गेलेली असायची.

युवा विधिमंडळाचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. आर्डिथनेच फोडलं. सहानुभूतीचे चार शब्द होते, मनापासूनचे वाटले. पुढे लिहिलं होतं की, प्रमाणपत्र पूर्ण कार्यक्रमाला उपस्थित राहणाऱ्यांनाच देण्याचा नियम आहे, आणि समारोपाला गैरहजर असल्यामुळे नाइलाज आहे. आर्डिथने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने एक पत्र टाइप केलं. त्यात तिने काही सुंदर लिहिलं नाही. काय घडलं ते लिहिलं, वेळांसकट. उत्तर आलं, अधिक छोटं. नियम तोच होता.

ऑक्टोबरात एका मोठ्या कॉलेजचा माणूस माहिती द्यायला आला. तरुण होता, सभ्य होता. मुलांशी बोलून झाल्यावर तो आर्डिथच्या टेबलाशी कॉफी प्यायला टेकला.

"एक विचारू?" आर्डिथ म्हणाली. "ते युवा विधिमंडळ असतं ना, एका शाळेमागे एक. अर्जावर ते असलं, तर तुमच्याकडे किती फरक पडतो?"

तो विचारात पडला. खरं उत्तर द्यायचा प्रयत्न करत होता. "छान असतं ते," तो म्हणाला. "म्हणजे, आमच्याकडे असे शेकडो येतात दरवर्षी. पण चांगलंच आहे. त्याने नुकसान तर काही होत नाही."

"नाही," आर्डिथ म्हणाली. आणि त्याचा कप भरून दिला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑस्लरच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि त्याचा आवाज बाहेर येत होता. "शेल्बी, मी तुझ्या भल्याचं सांगतोय. प्रवेश समितीवाले दिवसाला चाळीस निबंध वाचतात. हा त्यांच्या लक्षात राहील. तू तिकडे कायदा पास करतेयस, आणि इकडे वडील... अगं, हा निबंध आपोआप लिहून होईल!"

"साडेसहाशे शब्दांची मर्यादा आहे ना?"

"हो."

"मग त्यातल्या कितव्या शब्दाला मारू त्यांना?"

ऑस्लर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "निदान विधिमंडळ तरी लाव अर्जात. प्रमाणपत्र कोण बघतंय?"

"मी पुरी राहिले नव्हते तिथं," शेल्बी म्हणाली आणि बाहेर आली.

आत्याकडे इंटरनेट नव्हतं आणि वाचनालय चारला बंद व्हायचं. ती काचेपाशी थांबली. जूननंतर पहिल्यांदाच तिने आर्डिथकडे सरळ पाहिलं.

"तुमचा कॉम्प्युटर रिकामा आहे का, बाई? अर्ज भरायचाय."

आर्डिथ उठली आणि स्वतःची खुर्ची तिला दिली. ती बाजूला स्टुलावर बसली, काही लागलं तर सांगायला. निबंध शेल्बीने आधीच लिहून आणला होता, वृद्धाश्रमात एक म्हातारी रोज तिला वेगळ्या नावाने हाक मारायची, त्यावर. तो तिने उतरवला. नाव, पत्ता, गुण. आईचं नाव, पत्ता माहीत नाही. वडिलांचं नाव. हयात आहेत का, या चौकोनाशी तिचं बोट थांबलं नाही. तिने झटकन खूण केली आणि पुढे गेली.

मग वर्गाबाहेरच्या कामांचा तक्ता आला. दहा ओळी होत्या. पहिल्या ओळीत तिने लिहिलं, 'वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर'. दुसऱ्या ओळीपाशी बराच वेळ बसली. मग टाइप केलं, 'आजारी वडिलांची देखभाल'.

"आठवड्याचे तास किती लिहू?"

"खरे असतील ते लिही."

तिने चाळीस लिहिलं. वर्षाचे आठवडे, बावन्न. किती वर्षं, चार. आर्डिथ तिच्या बोटांकडे बघत होती. डेल्मरसारखीच होती बोटं, आखूड आणि रुंद. खाली आणखी एक प्रश्न होता, प्रत्येक ओळीखाली असायचा तोच. 'कॉलेजमध्ये हे काम पुढे चालू ठेवण्याचा विचार आहे का?' आणि त्यापुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

शेल्बीने प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. बाहेर शाळेच्या पिवळ्या बसगाड्या रांगेने लागत होत्या. त्यांतली एक तिची होती, आणि ती पकडायला पाच मिनिटं उरली होती. आर्डिथने ते सांगितलं नाही. तिची स्वतःची गाडी खाली उभी होती, आणि शेल्बी त्या गाडीत बसली तर ती तिला तासभर लांब सोडून येणार होती. नाही बसली तर नाही.

शेल्बीने 'नाही' वर बोट दाबलं.

"पुढे?" आर्डिथने हळूच विचारलं.

"पुढे," शेल्बी म्हणाली.